इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मोघम कुठे बोलावे आणि कुठे बोलू नये

परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी इंग्रजीची पातळी तपासणाऱ्या आयईएलटीएससारख्या परीक्षेची तयारी करणारा मराठी विद्यार्थी बहुधा लेखनाच्या सरावातून तोंडी परीक्षेकडे वळतो, आणि लेखनात जे गुण म्हणून शिकवले जाते तेच बोलतानाही गुण ठरेल असे गृहीत धरतो. आलेख पाहून नेमका आकडा लिहा, ‘थिंग’ आणि ‘स्टफ’ हे शब्द टाळा, यादी अर्धवट सोडून पुढे ‘एट्सेट्रा’ लिहू नका, ही शिकवण निबंधापुरती योग्यच आहे. परंतु घरापासून कार्यालयापर्यंत किती वेळ लागतो, या साध्या प्रश्नाला ‘थर्टी-सेव्हन मिनिट्स’ असे उत्तर दिले, तर ते खरे असूनही कानाला खटकते, कारण ऐकणाऱ्याला एवढा नेमकेपणा नको असतो. ‘अबाउट फॉर्टी मिनिट्स’ म्हटले की त्याला हवे तेवढे कळते आणि संभाषण पुढे सरकते.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती माणसे तर पदोपदी मोघम बोलतात. नॉटिंगहॅम विद्यापीठातील रोनाल्ड कार्टर आणि मायकेल मॅकार्थी यांनी १९९० च्या दशकात ब्रिटन आणि आयर्लंडमधील रोजच्या संभाषणांचा सुमारे ५० लाख शब्दांचा संग्रह तयार करून घेतला. ‘ऑर समथिंग’, ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’, ‘सॉर्ट ऑफ’ असे प्रयोग बोलण्यात किती वारंवार येतात आणि ते गबाळेपणाचे लक्षण नसून संभाषणाची गरज कशी असतात, हे अशा संग्रहांवरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मराठीत आपणही ‘पाचेक जण’, ‘चहाबिहा’, ‘साधारण आठवडाभर’ असे सहज म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अडचण एवढीच की इंग्रजी बोलायला बसलो की हे सारे आपण विसरतो, किंवा त्याचे चुकीचे इंग्रजी करतो.

परीक्षक गुण कशाला देतो

आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात ४ ते ५ मिनिटे ओळखीचे, घरगुती प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या भागात एका कार्डावरील विषयासाठी १ मिनिट तयारीला मिळते आणि त्यावर १ ते २ मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने ४ ते ५ मिनिटे अधिक अमूर्त चर्चा होते. प्रवाहीपणा व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका व अचूकता आणि उच्चार या चार निकषांवर सारख्याच वजनाने गुण दिले जातात.

या निकषांत ‘मोघम बोलण्याचे गुण’ असा रकाना कुठेही नाही, ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. ‘यू नो’ किंवा ‘अँड स्टफ’ पेरल्याने बँड, म्हणजे गुणांची पातळी, वाढतो असे सांगणारे व्हिडिओ बरेच फिरतात. त्यांच्यावर विसंबू नये. मोघम भाषेचा फायदा होतो तो अप्रत्यक्षपणे. अचूक शब्द आठवेना म्हणून बोलणे अडण्याऐवजी विद्यार्थी वळसा घालून पुढे जाऊ शकला, तर प्रवाहीपणा टिकतो. आठवत नसलेल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगता आला, तर ते शब्दसंपदेच्या निकषात थेट धरले जाते, कारण अर्थ फिरवून मांडण्याची क्षमता हा त्या निकषाचाच एक भाग आहे. ‘सॉर्ट ऑफ’ सारखे शब्द आघाताशिवाय, घाईने उच्चारता आले, तर उच्चाराच्या लयीलाही मदत होते. उलट, जोडशब्दांचा आणि ‘यू नो’ सारख्या भरणशब्दांचा अतिरेक हे मधल्या बँडचे लक्षण म्हणून परीक्षकांसाठीच्या बँडच्या वर्णनात नमूद केलेले आहे. म्हणजे हेच शब्द एका विद्यार्थ्याला वर नेतात आणि दुसऱ्याला खाली ओढतात.

फरक कुठे पडतो? माझ्या मते तो एकाच ठिकाणी पडतो. उत्तराचा गाभा नेमका असला आणि फक्त त्याच्या कडा सैल असल्या, तर ते बोलणे सहज वाटते. गाभाच सैल असला, तर बोलणाऱ्याकडे शब्द नाहीत असे वाटते. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचा संभाषणाविषयीचा प्रसिद्ध निबंध १९७५ मध्ये छापला गेला. ऐकणाऱ्याला गरज असेल तेवढीच माहिती द्यावी, कमी नको आणि जास्तही नको, अशी एक अपेक्षा त्यात सांगितलेली आहे. प्रश्नाचे लक्ष कशावर आहे ते ओळखून तेथे नेमके बोलावे आणि बाकीचे मोघम सोडावे, हा पुढील सर्व सूचनांचा आधार आहे.

आकडे, वेळ आणि अंतर

मोघम बोलण्याची सुरुवात आकड्यांपासून करणे सर्वांत सोपे. ‘अबाउट’, ‘अराउंड’ आणि ‘रफली’ हे शब्द आकड्याच्या आधी येतात, तर ‘ऑर सो’ नंतर येतो: ‘अबाउट ट्वेंटी मिनिट्स’, पण ‘ट्वेंटी मिनिट्स ऑर सो’. दोन्ही एकदम वापरून ‘अबाउट ट्वेंटी मिनिट्स ऑर सो’ असे म्हणण्याची सवय अनेकांना असते. ती टाळावी, एकाने काम भागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे शब्द गोल आकड्यांशीच शोभतात. ‘अबाउट थर्टी’ ठीक, ‘अबाउट थर्टी-सेव्हन’ विचित्र, कारण एका श्वासात अंदाज आणि नेमकेपणा दोन्ही सांगितल्यासारखे होते.

मराठीतील ‘दोन-तीन दिवस’, ‘चार-पाच मित्र’ ही जोडी आपण इंग्रजीत जशीच्या तशी ‘टू-थ्री डेज’, ‘फोर-फाइव्ह फ्रेंड्स’ अशी नेतो. भारतात ते कळते, परंतु परीक्षेत मध्ये ‘ऑर’ घालणे सुरक्षित: ‘टू ऑर थ्री डेज’, ‘फोर ऑर फाइव्ह फ्रेंड्स’. हा ‘ऑर’ जवळजवळ गिळून, हलकाच उच्चारायचा असतो. त्यावर जोर दिला तर तुम्ही दोन पर्यायांमधून निवड करायला सांगत आहात असे वाटते. ‘पंचवीसेक’ यातील ‘एक’ ला इंग्रजीत अगदी जवळचा प्रत्यय म्हणजे ‘-इश’, पण तो अनौपचारिक आहे आणि मुख्यतः वेळ व वय यांना लागतो: ‘सेव्हन-इश’, ‘शी मस्ट बी थर्टी-इश’. पहिल्या भागात तो एखाद्या वेळी आला तर बोलणे मोकळे वाटते, मात्र तिसऱ्या भागात देशाच्या लोकसंख्येबद्दल बोलताना तो शोभणार नाही.

‘अ कपल ऑफ’ चा शब्दशः अर्थ दोन असला तरी बोलण्यात तो ‘एक-दोन, दोन-तीन’ असा सैल असतो. ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ यांत मात्र गल्लत करू नये: ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन नाशिक’ म्हणजे काही मित्र आहेत, तर ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र फारसे नाहीत, आणि त्यावर परीक्षक सहानुभूतीने पाहू लागेल. एका छोट्या ‘अ’ ने अर्थ उलटतो, म्हणून तो घाईतही सुटू देऊ नये.

यादी सोडून देण्याची कला

मराठीत ‘वगैरे’ हा एक शब्द पुष्कळ कामे करतो, आणि म्हणूनच इंग्रजीत तेवढा एकच पर्याय शोधण्याचा मोह होतो. बहुतेक जण ‘एट्सेट्रा’ निवडतात आणि वर तो दोनदा म्हणतात. हा शब्द चूक नाही, पण तो लेखनाकडे झुकलेला आहे आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘एट्सेट्रा एट्सेट्रा’ ऐकले की विद्यार्थ्याला पुढे काही सुचले नाही एवढेच कळते. ‘अँड ऑल’ हा आपल्याकडचा दुसरा लाडका प्रयोग: ‘वी हॅड स्नॅक्स अँड ऑल’. तो भारतीय इंग्रजीत सर्रास चालतो, परंतु परीक्षकाला तो ओळखीचा असेलच याची खात्री नाही.

बोलण्यातील नेहमीचे पर्याय असे: ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’, ‘अँड दॅट सॉर्ट ऑफ थिंग’, ‘अँड सो ऑन’, आणि थोडे अधिक मोकळे म्हणजे ‘अँड स्टफ लाइक दॅट’. यांतला ‘अँड’ बदलून ‘ऑर’ केला की अर्थ बदलतो. ‘अँड’ म्हणजे आणखीही अशाच गोष्टी आहेत. ‘ऑर’ म्हणजे यांपैकी एखादी. ‘आय रीड नॉव्हेल्स, शॉर्ट स्टोरीज अँड थिंग्ज लाइक दॅट’ म्हणजे तुम्ही हे सगळे वाचता. ‘ऑन संडेज आय वॉच अ मूव्ही ऑर समथिंग’ म्हणजे सिनेमा किंवा तसेच काहीतरी. ‘चहाबिहा घेऊ’ या आमंत्रणाचे इंग्रजी ‘अँड’ ने होत नाही. तेथे ‘शॅल वी हॅव अ कप ऑफ टी ऑर समथिंग’ असेच म्हणावे लागते. आपण प्रतिध्वनीसारखा दुसरा शब्द तयार करून, म्हणजे चहाबिहा, पेनबिन असे बोलून हे काम करतो. इंग्रजीत ती सोय नसल्यामुळे या शेपट्या पाठ असलेल्या बऱ्या.

या शेपट्यांना एक अट आहे. त्यांच्या आधी किमान एक, शक्यतो दोन ठोस उदाहरणे असली पाहिजेत, आणि ती उदाहरणे ऐकून बाकीची यादी समोरच्याला स्वतः पुरी करता आली पाहिजे. ‘आय लाइक स्पोर्ट्स अँड थिंग्ज लाइक दॅट’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही, कारण खेळांसारख्या गोष्टी म्हणजे कोणत्या? ‘आय लाइक कबड्डी, कॅरम अँड दॅट सॉर्ट ऑफ थिंग’ मध्येही किंचित गोंधळ आहे, कारण कबड्डी आणि कॅरम एका गटात कसे बसतात हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘कबड्डी, खो-खो अँड गेम्स लाइक दॅट, द काइंड यू कॅन प्ले विदाउट एनी इक्विपमेंट’ असे म्हटले की गट स्पष्ट होतो, आणि परीक्षकाने खो-खो कधी पाहिला नसला तरी त्याला तुमचे म्हणणे समजते. कसोटी सोपी आहे: शेपटी म्हटल्यानंतर कोणी ‘लाइक व्हॉट?’ असे विचारले तर लगेच आणखी दोन नावे सांगता आली पाहिजेत. सांगता येत नसतील, तर ती शेपटी रिकामी होती.

काही व्याकरणाच्या खोचा येथेच सांगून टाकाव्यात. ‘स्टफ’ अगणनीय आहे, त्याचे ‘स्टफ्स’ होत नाही. ‘दोज काइंड ऑफ थिंग्ज’ असे अनेकदा ऐकू येते, पण नीट ऐकायला ‘दॅट काइंड ऑफ थिंग’ किंवा ‘दोज काइंड्स ऑफ थिंग्ज’ बरे. माणसांच्या यादीला ‘अँड स्टफ’ किंवा ‘अँड थिंग्ज’ लावू नये. ‘माय अंकल्स, कझिन्स अँड स्टफ’ हे उद्धट वाटते, तेथे ‘अँड पीपल लाइक दॅट’ किंवा नातेवाइकांबद्दल असेल तर ‘अँड सो ऑन’ वापरावे. ‘ऑर व्हॉटेव्हर’ पासून दूरच राहावे असे मला वाटते. सूर जरासा चुकला तरी त्यातून बेफिकिरी दिसते.

शब्द आठवत नाही तेव्हा

मोघम भाषेचा खरा उपयोग या प्रसंगी होतो, आणि दुर्दैवाने सराव सर्वांत कमी याचाच केला जातो. शब्द अडला की आपल्याकडचा विद्यार्थी तीनपैकी एक गोष्ट करतो: गप्प होतो, ‘आय फरगॉट द वर्ड’ म्हणून विषय सोडतो, किंवा मराठी शब्द म्हणून पुढे जातो. चौथा मार्ग असा की आधी वस्तूचा ढोबळ वर्ग सांगायचा आणि मग तिचे एक किंवा दोन अगदी नेमके गुण सांगायचे. पहिला अर्धा मुद्दाम मोघम, दुसरा अर्धा मुद्दाम काटेकोर.

घरातील जुन्या वस्तूचे वर्णन करा, असे कार्ड आले आणि तुम्हाला आजीच्या विळीबद्दल बोलायचे आहे असे समजू. विळीला इंग्रजीत सर्वांना ठाऊक असलेला एक शब्द नाही, त्यामुळे शोधत बसण्यात अर्थ नाही. असे म्हणता येईल: ‘इट्स अ सॉर्ट ऑफ कर्व्ड ब्लेड फिक्स्ड टु अ वुडन बोर्ड. यू सिट ऑन द फ्लोअर, होल्ड द बोर्ड डाउन विथ युअर फूट, अँड पुश द व्हेजिटेबल्स अगेन्स्ट इट. देअर्स अ लिटल राउंड थिंग अॅट द टॉप, विथ टीथ, फॉर ग्रेटिंग कोकोनट.’ येथे ‘सॉर्ट ऑफ’ आणि ‘लिटल राउंड थिंग’ हे मोघम आहेत, पण ‘कर्व्ड’, ‘फिक्स्ड टु’, ‘होल्ड डाउन’, ‘पुश अगेन्स्ट’, ‘ग्रेटिंग’ हे नेमके आहेत, आणि शब्दसंपदेचे गुण या नेमक्या शब्दांना मिळतात. त्याच वाक्यांत ‘थिंग’ हा शब्द चार वेळा आला असता तर वर्णन कोसळले असते.

पुरणपोळीबद्दल ‘अ काइंड ऑफ स्वीट फ्लॅटब्रेड, स्टफ्ड विथ लेंटिल्स अँड जॅगरी’ असे म्हणता येईल, गुढीबद्दल ‘अ सॉर्ट ऑफ डेकोरेटेड पोल’ अशी सुरुवात करता येईल. मराठी नाव जरूर घ्यावे. ते उच्चारून लगेच असा खुलासा जोडला की त्यात काही चूक नाही. शब्द केवळ जिभेवर येत नसेल, म्हणजे तो तुम्हाला माहीत आहे पण आठवत नाही, तर ‘व्हॉट डू यू कॉल इट’ किंवा ‘आय कान्ट थिंक ऑफ द एक्झॅक्ट वर्ड, बट इट्स व्हॉट यू यूज टु...’ असे म्हणून काम सांगावे. परीक्षक शब्द पुरवील अशी वाट मात्र पाहू नये. तो बहुधा पुरवणार नाही, आणि तुम्ही थांबलात ती शांतता मात्र तुमच्या नावावर नोंदली जाईल.

‘सॉर्ट ऑफ’, ‘अ बिट’ आणि उच्चार

विशेषण किंवा क्रियापद थोडे मऊ करण्यासाठी ‘सॉर्ट ऑफ’ आणि ‘काइंड ऑफ’ वापरतात: ‘आय सॉर्ट ऑफ एक्स्पेक्टेड इट’, ‘द हाउस फेल्ट काइंड ऑफ एम्प्टी’. ‘सॉर्ट ऑफ व्हेरी नाइस’ असे कधीही म्हणू नये. एक शब्द धार कमी करतो आणि दुसरा वाढवतो, म्हणजे वाक्य स्वतःशीच भांडते. ‘अ बिट’ साठी आणखी एक बारकावा आहे, तो असा की साध्या विशेषणापूर्वी तो बहुतेक नकोशा गुणांशीच जातो. ‘अ बिट नॉइझी’, ‘अ बिट एक्स्पेन्सिव्ह’ चांगले, पण ‘अ बिट ब्युटिफुल’ कोणी म्हणत नाही. तुलना असेल तर ‘अ बिट बेटर’, ‘अ बिट ईझिअर’ चालते. ‘क्वाइट’ ब्रिटिश बोलण्यात ‘बऱ्यापैकी’ असा असतो, ‘अत्यंत’ असा नाही.

आता उच्चार. मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, आणि त्याच सवयीने ‘सॉर्ट’ आणि ‘ऑफ’ वेगवेगळे, ठसठशीत उच्चारतो. इंग्रजीत हे दोन शब्द मिळून एकच दुबळा तुकडा होतो, साधारण ‘सॉर्टव’ किंवा ‘सॉर्टा’ आणि ‘काइंडव’ किंवा ‘काइंडा’ असा, आणि आघात त्यापुढच्या शब्दावर पडतो: ‘सॉर्टव एम्प्टी’ यात ‘एम्प्टी’ ठळक ऐकू आला पाहिजे. ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’ ही शेपटीही खालच्या सुरात, जरा वेगाने, घरंगळत गेली पाहिजे. ती मुख्य वाक्याइतक्याच जोराने म्हटली तर पाठ केलेली वाटते, आणि पाठांतराचा संशय आलेला परीक्षक विषय बदलून अधिक अवघड प्रश्न विचारू शकतो.

मते मांडताना

तिसऱ्या भागात मोघमपणाचे रूप बदलते. येथे वस्तू किंवा आकडे फारसे नसतात, समाजाबद्दलची विधाने असतात, आणि आपल्याकडे अशी विधाने ठोकून देण्याची पद्धत आहे: ‘यंगस्टर्स डोन्ट रीड’, ‘ऑल पीपल आर ऑन देअर फोन्स’. वास्तविक ‘अ लॉट ऑफ यंग पीपल डोन्ट सीम टु रीड मच, अॅट लीस्ट नॉट प्रिंटेड बुक्स’ हे विधान पहिल्यापेक्षा सैल दिसत असले तरी अधिक खरे आहे. आपल्या मताची खात्री किती आहे हे अचूक दर्शवता येणे हे युरोप परिषदेच्या भाषास्तरांत सी-वन या वरच्या स्तराचे कौशल्य मानले आहे. त्यामुळे येथे सावध बोलणे म्हणजे गुळमुळीत बोलणे नव्हे.

उपयोगी पडणारे शब्द थोडेच आहेत. कल सांगण्यासाठी ‘टेंड टु’ (‘ओल्डर पीपल टेंड टु ट्रस्ट न्यूजपेपर्स मोअर’), एकंदर चित्रासाठी ‘ऑन द होल’, अंदाजासाठी ‘आय’ड इमॅजिन’ आणि ‘आय सपोज’, मर्यादित सहमतीसाठी ‘टु सम एक्स्टेंट’. ‘इट डिपेंड्स’ हे उत्तर नव्हे, उत्तराची सुरुवात आहे. कशावर अवलंबून आहे ते लगेच सांगितले नाही तर ते टाळाटाळ ठरते. ‘इट डिपेंड्स ऑन व्हेअर यू लिव्ह, रिअली. इन अ प्लेस लाइक मुंबई...’ असे म्हणून दोन बाजू उलगडल्या की तेच दोन शब्द उत्तम सुरुवात बनतात. एका वाक्यात असा एकच शब्द असावा. ‘आय थिंक मेबी इट प्रॉबेब्ली सॉर्ट ऑफ टेंड्स टु’ अशा वाक्यातून शेवटी मत काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

कुठे मोघम बोलू नये

स्वतःच्या आयुष्यातील मूळ माहिती विचारली असता मोघम बोलणे सर्वांत वाईट. तुम्ही काय करता, या प्रश्नाला ‘आय डू सम वर्क इन सम कंपनी’ असे उत्तर आले, तर परीक्षकाला काही लपवल्यासारखे तरी वाटते किंवा इंग्रजी कच्चे असल्याची खात्री तरी होते. आपल्याकडील ‘सम’ चा हा वापर मुळातूनच सोडून द्यावा. शिक्षण, काम, गाव, घरातील माणसे, कार्डावर विचारलेली व्यक्ती किंवा जागा, ही सर्व नेमकी सांगावीत. तुमचे गाव परीक्षकाला माहीत नसेल असे वाटले तर नाव गाळू नये, नावाला ढोबळ जागा जोडावी: ‘आय’म फ्रॉम सावंतवाडी, अ स्मॉल टाउन डाउन साउथ, नॉट फार फ्रॉम गोवा’. येथे ‘स्मॉल’, ‘डाउन साउथ’ आणि ‘नॉट फार’ मोघम आहेत, पण गाव नेमके आहे.

‘बेसिकली’ आणि ‘अॅक्च्युअली’ यांना मोघम भाषा समजू नये. हे आपल्याकडचे भरणशब्द आहेत, आणि बऱ्याच मुलांचे प्रत्येक उत्तर त्यांनीच सुरू होते. ‘यू नो’ ला मात्र एक खरा अर्थ आहे: हे तुलाही ठाऊक असणारच, असे ऐकणाऱ्याला जवळ घेणे. ‘इट वॉज वन ऑफ दोज स्टिकी एप्रिल आफ्टरनून्स, यू नो’ येथे तो बसतो. तुमच्या कंपनीतील अंतर्गत कार्यपद्धतीबद्दल बोलताना ‘यू नो’ म्हणणे निरर्थक, कारण समोरच्याला ते माहीत असण्याचे कारण नाही.

एक उत्तर, तीन प्रकारे

आवडत्या बाजारपेठेचे वर्णन करा, असा विषय आहे आणि विद्यार्थी पुण्याचा आहे. अति मोघम उत्तर असे असेल: ‘आय गो टु सम मार्केट. देअर आर मेनी थिंग्ज लाइक व्हेजिटेबल्स अँड ऑल. इट इज सॉर्ट ऑफ व्हेरी नाइस, अँड पीपल अँड स्टफ आर देअर.’ अति नेमके उत्तर असे: ‘आय व्हिजिट महात्मा फुले मंडई. इट इज वन पॉइंट फोर किलोमीटर्स फ्रॉम माय रेसिडेन्स. आय परचेज पोटॅटोज, अन्यन्स, टोमॅटोज, ब्रिंजल्स, कॅबेज, कॉलिफ्लॉवर अँड कोरिअँडर.’ दुसऱ्यात व्याकरणाची चूक नाही, पण हे बोलणे नसून पावती वाचणे आहे.

मधला मार्ग असा निघतो: ‘आय युज्वली गो टु दिस ओल्ड व्हेजिटेबल मार्केट कॉल्ड मंडई, राइट इन द मिडल ऑफ पुणे, अबाउट टेन मिनिट्स फ्रॉम माय प्लेस. इट्स अ बिग स्टोन बिल्डिंग विथ अ सॉर्ट ऑफ टॉवर राइझिंग फ्रॉम द सेंटर. माय मदर गोज फॉर लीफी ग्रीन्स, लेमन्स अँड दॅट सॉर्ट ऑफ थिंग, बट आय मोस्टली गो टु लिसन टु द सेलर्स आर्ग्यू विथ हर.’ यात मोघम जागा मोजक्याच आहेत: अंतर, मनोऱ्याचा आकार, आईची यादी. यांपैकी कशाबद्दलही परीक्षकाला अधिक तपशील नको आहे. बोलणाऱ्याला स्वतःला बाजारात काय आवडते, हा कार्डाचा मुख्य प्रश्न आहे, आणि तेथे उत्तर अगदी स्पष्ट आहे.

सराव

फोनवर आपले २ मिनिटांचे उत्तर ध्वनिमुद्रित करून ते शब्दशः कागदावर उतरवावे. कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही. मोघम शब्दांखाली रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकापाशी ‘लाइक व्हॉट?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर तयार असेल तर शब्द ठेवावा, नसेल तर त्या जागी ठोस शब्द घालून पुन्हा बोलावे. एकच शेपटी तीनदा आली असेल तर दोन ठिकाणची काढून टाकावी किंवा बदलावी. त्यानंतर कागद बाजूला ठेवून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे, कारण सुधारलेले उत्तर वाचून दाखवण्याचा परीक्षेत काही उपयोग नाही.

दुसरा सराव घरातल्या वस्तूंचा. पाटा-वरवंटा, चौरंग, समई, कंदील, सूप, रवी अशी एखादी वस्तू घेऊन तिचे नाव न घेता ती इंग्रजीत मित्राला ओळखायला लावावी. ढोबळ वर्ग आणि दोन नेमके गुण, एवढ्यात ती ओळखता आली पाहिजे. हा खेळ कुटुंबातही जमतो आणि मुलांना आवडतो. याशिवाय इंग्रजीतील मुलाखती आणि गप्पांचे पॉडकास्ट ऐकावेत, बातम्या नव्हेत. वृत्तनिवेदक लिहिलेले वाचतो, त्यामुळे त्याच्याकडून ‘ऑर समथिंग’ शिकायला मिळत नाही.

इतर परीक्षांबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण वरील सूचना आयईएलटीएसला धरून आहेत. केंब्रिजच्या बी-टू फर्स्टसारख्या परीक्षेत दोन उमेदवार एकमेकांशी बोलतात आणि परस्परसंवादाला वेगळे गुण असतात. तेथे ‘मेबी वी कुड चूज द पार्क ऑर समथिंग’ असा मऊ प्रस्ताव जोडीदाराला बोलायला वाव देतो, म्हणून मोघमपणाला अधिकच जागा आहे. टोफेलमध्ये समोर माणूस नसतो, मायक्रोफोनमध्ये बोलावे लागते. पीटीईत गुणांकनाचा मुख्य भार संगणकावर असतो आणि काही प्रश्नांत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायचे असते, काहींत आलेखाचे वर्णन करायचे असते. अशा ठिकाणी सर्वांत उंच स्तंभ कोणता आणि त्याचा आकडा काय, हे नेमके सांगावे. ‘अराउंड’ घालायचाच असेल तर तो आलेखाच्या अक्षावरून आकडा अचूक वाचता येत नाही तेव्हाच घालावा.